दगडखाणीच्या पाण्यावरची निसर्गफेरी: दोनदा जाऊन आले, त्याबद्दल

सकाळी पावणेसहाला नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर जमायचं, तिथून आपापल्या गाडीने वीस-पंचवीस मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं कच्च्या रस्त्याने पायी. माणशी ३५० रुपये, बारा वर्षांखालच्या मुलांना २००. त्यात चहा-पोहे, वापरायला भिंग आणि साडेतीन तास. महिन्यातून एका रविवारी असते, एप्रिल-मे सोडून. मी सप्टेंबरात गेले, मग परत जानेवारीत गेले, आणि दोन्ही वेळचं मिळूनच लिहायचं म्हणून थांबले होते.

ही फेरी एका बंद पडलेल्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यावरची आहे. जागेचं नाव कुठे लिहू नका, अशी चालवणाऱ्यांची विनंती असते आणि मला ती शंभर टक्के पटते. खाणीत पोहायला गेलेली पोरं बुडाल्याची बातमी दर उन्हाळ्यात वाचतो आपण. ज्यांना मनापासून यायचंय त्यांनी नाशकात पक्षी बघत फिरणाऱ्या कुणालाही विचारावं, नंबर मिळतो.

चालवणारे दोघं. एक निवृत्त प्राणिशास्त्राच्या शिक्षिका, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. दुसरा तिशीतला दादा, त्याचं घरच खाणीच्या वरच्या अंगाला. त्याच्या आजोबांनी इथे सुरुंगाची भोकं पाडली, वडील क्रशरवर, म्हणजे दगडाची खडी करणाऱ्या यंत्रावर, होते. बाई प्राण्यांचं सांगतात, दादा दगडाचं सांगतो, आणि दोघंही उभं राहून भाषण करत नाहीत. शेजारी उकिडवे बसतात आणि आपल्याबरोबर पाण्यात बघतात.

मी नाव नोंदवलं तेव्हा मला जागा ठाऊक नव्हती. आदल्या रात्री मोबाइलवर लोकेशन आलं, ते उघडलं आणि मी बाबांना हाक मारली. बाबा १९८४ पासून ही खाण बंद होईपर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत, तिथे मुनीम होते. डंपर मोजायचे, रॉयल्टीच्या पावत्या फाडायच्या, डिझेलचा हिशेब ठेवायचा. १९९१ च्या सिंहस्थाच्या कामांना इथून रात्रीच्या रात्री खडी गेली, हे ते अजून सांगतात. लहानपणी मी दोन-तीनदा त्यांचा डबा घेऊन गेले होते. त्यातलं मला आठवतं ते पंपाचं. तळाशी एक डिझेल पंप दिवसभर धडधडत असायचा, कारण खाण पाझराच्या खाली गेली होती आणि पंप थांबला की तळात पाणी चढायचं. काम बंद झालं, मालकाने पंप उचलून नेला, दोन पावसाळ्यांत खाण भरली. ‘खाण बुडाली’ असं बाबा म्हणायचे. आमच्या घरात ते नोकरी गेल्याचं वाक्य होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी बहिणीच्या मुलीला घेऊन गेले, ती नऊ वर्षांची. वरून पाहिलं तर खाणीचं पाणी डोळ्यांत भरतं. हिरवट निळं, तीन बाजूंनी काळ्या दगडाच्या ताठ भिंती. सगळ्यांनी मोबाइल काढले. बाईंनी फोटो काढू दिले आणि मग म्हणाल्या, “आता इकडे पाठ करा. हे जे छान दिसतंय ना, त्यात राहणारं फार थोडं आहे.” मधे पाणी साठ फुटांच्या आसपास खोल. तळापर्यंत उजेड पोचत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि खालच्या थरातला प्राणवायू संपत जातो. भिंती सरळ तुटलेल्या, त्यामुळे मूळ धरायला गाळ नाही. गाळ नाही म्हणून वनस्पती नाहीत, आणि वनस्पती नाहीत तिथे लपायला, अंडी घालायला, खायला काही नाही.

मग त्या आम्हाला चौथ्या बाजूला घेऊन गेल्या. चौथी बाजू म्हणजे रॅम्प, भरलेला डंपर ज्या उताराने वर चढायचा तो रस्ता. तो रस्ता आता सरळ पाण्यात शिरतो आणि हळूहळू दिसेनासा होतो. भरलेल्या गाडीला चढ सोसावा म्हणून त्याचा उतार मुद्दाम सौम्य ठेवलेला होता. खाण बंद झाल्यावर त्यावर क्रशरची बारीक पूड आणि वरून वाहून आलेली माती बसत गेली. त्या गाळात पाणकणीस उभं राहिलं, कडेने लव्हाळा आला, आत पाण्याखाली हायड्रिला नावाची पाणवनस्पती पसरली. मी पावलांनी मोजलं: पाणकणसाची पट्टी लांबीला चाळीस पावलं, रुंदीला बारा-तेरा. त्या अवाढव्य खाणीतला जवळपास सगळा जीव एवढ्या पट्टीत आहे. हे एकदा कळलं की डोळे आपोआप कडेला जातात. पुढच्या आठवड्यात मी बाबांना घेऊन गंगापूर धरणाच्या बाजूला गेले होते, तर तिथेही मी काठाचं उथळ पाणीच बघत बसले.

साधनं साधी आहेत. एनॅमलचं पांढरं ताट, काठीला बांधलेली चहाची मोठी गाळणी, एक चमचा, भिंग. गाळणी पाणकणसाच्या बुडाशी फिरवायची, ताटात उलटी करायची आणि गप्प बसायचं. बाई म्हणतात, मिनिटभर कुणी बोलू नका. त्या मिनिटात ताटातला गढूळपणा खाली बसतो आणि ज्याला आपण कचरा समजत होतो तो चालायला लागतो.

आमच्या ताटात पहिला दिसला तो मातकट रंगाचा, बोटाच्या नखाएवढा एक किडा. सहा पाय फाकवून कडेला बसलेला, हालचाल शून्य. शेजारी डासाच्या अळ्या वळवळत होत्या. एक अळी त्याच्यासमोरून गेली आणि पुढच्या क्षणी ती त्याच्या तोंडात होती. मधलं काही दिसलंच नाही. भाची ओरडली, “मावशी, त्याने जीभ काढली!” बाईंनी तिला भिंग दिलं आणि थांबायला सांगितलं. तिसऱ्या अळीच्या वेळी मलाही दिसलं. ती जीभ नव्हे, तो त्याचा खालचा ओठ. हाताच्या कोपरासारखा घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो, टोकाला पकड असते, आणि भक्ष्य टप्प्यात आलं की तो सुटतो. हे चतुराचं पिल्लू. चतुर म्हणजे मुलं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो. भाचीने चमच्याने त्याला जरा ढोसलं तर ते पाय न हलवता पुढे उसळलं, कारण पोटात ओढलेलं पाणी ते मागून जोरात सोडतं. मग बाईंनी पाणकणसाच्या पानाला चिकटलेली एक कोरडी कात दाखवली. पाठीवर उभी चीर, आतून पांढरे धागे लोंबत होते, सहाही पाय पान घट्ट धरून. पाण्यातलं आयुष्य संपल्यावर ते पिल्लू या पानावर चढलं, पाठ उकलली आणि चतुर होऊन उडून गेलं. भाचीने ती कात काडेपेटीत घालून आणली. अजून तिच्या टेबलावर आहे.

दुसऱ्या ताटातला किडा मला जास्त लागून राहिला. चपटा, तपकिरी, चिंचोक्याएवढा, आणि त्याच्या पाठीवर एकमेकांना चिकटून उभी अंडी, भाताची रोपं लावावीत तशी दाट. मला वाटलं मादी असेल. बाई म्हणाल्या, “हा बाप आहे.” मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवून निघून जाते. पुढे नर ती अंडी फुटेपर्यंत सांभाळतो, त्यांना हवा मिळावी म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाशी येतो, अंग वरखाली हलवत राहतो. आमच्यासमोर ताटात तो तेच करत होता, दंड-बैठका काढल्यासारखा. आठ-दहा माणसं ताटावर वाकली होती आणि कुणी बोलत नव्हतं. बाईंनी घड्याळ पाहिलं, दोन मिनिटांनी त्याला जिथून काढला तिथेच, त्याच बुंध्याशी परत सोडला. हा नियम त्या कडक पाळतात: एका ताटाला पाच मिनिटं, आणि प्राणी जिथला तिथे.

डोक्यावर त्या वेळी पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालत होते. पावसाळ्यानंतर मोकळ्या मैदानांवर दिसतात तेच. ही जात ताज्या पावसाच्या डबक्यांत अंडी घालते, दीड-दोन महिन्यांत पिल्लांचे चतुर होतात आणि मग वाऱ्याबरोबर दक्षिणेला निघतात. मालदीवमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, की हे चतुर भारताकडून मालदीव ओलांडून थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र पार करतात. हे ऐकताना बाबांच्या खाणीवरून आफ्रिकेला जाणारं काही असू शकतं, ही गोष्ट माझ्या गळी उतरायला वेळ लागला.

रॅम्पच्या वरच्या बाजूला दोन डबकी आहेत. पोकलेनने मुरूम काढला तेव्हाचे खड्डे, गुडघाभर पाण्याचे. बाई दोन्हींत गाळणी घालायला लावतात आणि स्वतः काही बोलत नाहीत. पहिल्या डबक्यात बेडूकमासे, चतुराची पिल्लं, टाचण्यांची (चतुरासारख्याच, पण सडपातळ किड्यांची) पिल्लं, पाणविंचू, गोगलगायी. ताट नुसतं खदखदत होतं. दुसऱ्यात गप्पी मासे आणि जवळपास दुसरं काहीच नाही. डासांसाठी म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने तिथे गप्पी सोडले. गप्पी डासाच्या अळ्या खातात हे खरं, पण जे तोंडात मावेल ते सगळंच खातात, आणि डासांच्या अळ्यांवर जगणारी चतुराची कोवळी पिल्लंही त्यात जातात. मोठ्या पाण्यात चिलापी मासळी आहे, ती कुणी सोडली ते कुणाला माहीत नाही. दादाला काळजी आहे ती मांगूर माशाची. आफ्रिकेकडचा तो मांगूर पाळायला आपल्याकडे २००० पासून बंदी आहे, तरी चोरून होतो, आणि एकदा अशा बंद पाण्यात आला तर दुसरं काही उरत नाही. ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: कंटाळा आला म्हणून मासे, कासवं खाणीत किंवा तळ्यात नेऊन सोडू नका.

मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे पाण्याचा पीएच (सात म्हणजे मधला, त्याखाली आम्ल) विचारल्याशिवाय मला राहवत नाही. बाईंच्या पिशवीत कागदी पट्ट्या होत्या. आम्ही बुडवली, रंग आठच्या आसपास आला. इथे आपल्या बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे, आभार मानायला हवेत. कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणीत गंधक असलेली खनिजं उघडी पडतात, हवा-पाण्याशी गाठ पडली की त्यातून आम्ल तयार होतं आणि पाण्यात धातू उतरतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बर्कली पिट नावाची तांब्याची जुनी खाण आहे. १९९५ मध्ये स्थलांतर करणारे हिमहंस तिच्या पाण्यावर उतरले आणि ३४२ मेलेले सापडले. जर्मनीच्या लाउझित्स भागात कोळशाच्या खाणींची तळी झाली आहेत, त्यांतल्या कित्येकांत चुना टाकून आम्ल मारावं लागतं. आपल्या काळ्या पाषाणात तसं गंधक जवळपास नसतं. म्हणून नाशिकच्या खाणीचं पाणी विष होत नाही. त्याला मारायचं तर आपल्यालाच राडारोडा टाकून मारावं लागतं. रॅम्पच्या डाव्या बाजूला तो टाकायला सुरुवात झालेलीच आहे. फरश्यांचे तुकडे, थर्माकोल, जुन्या संडासाचं भांडं. उथळ कडेलाच गाडी उलटी करता येते, म्हणून नेमकी तीच भरत येतेय.

खाणीचं पाणी म्हणजे काही ‘खरं’ पाणथळ नव्हे, असं आमच्यातल्या एका काकांनी म्हटलं. बाईंनी शांतपणे सांगितलं की पाणथळ जागा जपण्यासाठी झालेल्या १९७१ च्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या वर्गवारीत माणसाने केलेल्या पाणथळ जागांचाही भाग आहे आणि त्यात खाणींचे खड्डे, विटभट्टीचे खड्डे स्पष्ट लिहिलेले आहेत. आपलं नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, तेही बंधाऱ्यामुळेच तयार झालं. इंग्लंडमधल्या नॉरफकची प्रसिद्ध तळी नैसर्गिक आहेत असं शेकडो वर्षं सगळे समजत होते. १९५० च्या दशकात जोइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं, की ते मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, खणून झालेले खड्डे आहेत. तिकडेच नॉटिंगहॅमजवळ वाळू-खडीच्या खाणींच्या पाण्यावर १९६६ मध्ये ॲटनबरो नावाचं राखीव क्षेत्र सुरू झालं. काकांनी वहीत लिहून घेतलं, हे मला आवडलं.

आता ज्यात सुधारणा हवी ते. सप्टेंबरात चौदा जण होतो, ते ठीक. जानेवारीत बावीस. ताटं तीनच. बावीस माणसांना तीन ताटं म्हणजे मागच्या रांगेतल्याला पाठी दिसतात. बारापेक्षा जास्त घेऊ नयेत, हवं तर पैसे वाढवावेत, मी ५०० देईन. स्वच्छतागृह नाही. निघण्याआधी सोय करून या, बायकांनी विशेष. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: पहिल्या वेळी त्यांच्याकडे बुडणाऱ्याकडे फेकायला काही नव्हतं. रॅम्प उथळ असला तरी पाणकणसाच्या पलीकडे तो संपतो आणि तिथून एकदम खोल. शेवाळावर पाय सरकला तर पोहता येणाराही सापडायला वेळ लागेल. मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. दादाने ऐकून घेतलं, आणि जानेवारीत ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब आणि पन्नास फूट दोरी रॅम्पवर ठेवलेली होती. मुलांनी कुठल्या दगडाच्या पुढे जायचं नाही, त्या दगडावर चुन्याची रेघ मारली होती. सूचना करावी आणि ती अमलात आलेली दिसावी, असं फार वेळा घडत नाही.

पोह्यांबद्दल एकच: गरम असतात, दादाची आई करते, वरून शेंगदाणे आणि लिंबू. पोटभर.

जानेवारीत मी बाबांना घेऊन गेले. ते आधी नको म्हणाले. चौऱ्याहत्तर वय, थंडी कडाक्याची, आणि त्या जागेवर परत कशाला जायचं, हे न बोललेलं कारण. शेवटी “रस्ता दाखवायला येतो” म्हणून आले. पाथर्डी फाट्यावर पोचायच्या आधी निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेली एक दिंडी लागली. पौष महिना, पहाटेचं धुकं, टाळ आधी ऐकू आले आणि मग पताका दिसल्या. बाबा गाडीतूनच हात जोडून थांबले.

खाणीवर पोचलो तर पाण्यावर वारकरीच वारकरी. पक्षी वारकरी, काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा. बाईंनी मोजले, एक्केचाळीस. त्याशिवाय हळदी-कुंकू बदकं चार, टिबुकल्या, रॅम्पच्या चिखलात गुलाबी लांब पायांचा शेकाट्या, दगडावर शेपटी हलवत तुतवार, आणि जुन्या खडीच्या ढिगावर कंठेरी चिखल्या. हा चिखल्या खडीतच अंडी घालतो आणि अंडी खडीसारखीच दिसतात, म्हणून त्या ढिगावर कुणाला पाय ठेवू देत नाहीत. पूर्वेच्या भिंतीच्या कपारीत शृंगी घुबडाची जोडी आहे. तिचे विणीचे दिवस असल्यामुळे बाईंनी दुर्बिणीतून, पाण्याच्या या काठावरून, प्रत्येकाला पंधरा सेकंद दाखवली. एकाने पलीकडून वर जाऊन फोटो काढू का विचारलं. “नाही,” एवढंच उत्तर. नांदूरमध्यमेश्वर करून आलेल्यांनी तिथल्याइतके पक्षी इथे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. इथे थोडे आहेत, पण प्रत्येक कुठे बसतो आणि तिथेच का बसतो, हे कळतं.

एक गोष्ट सोडून. वारकरी रॅम्पजवळ होते ते समजण्यासारखं, पण त्यांतले पंधरा-वीस पूर्वेच्या भिंतीला लागून एका ओळीत बुड्या मारत होते आणि चोचीत हिरवं घेऊन वर येत होते. बाई म्हणाल्या, “दर हिवाळ्यात हे याच पट्ट्यात असतात. तिथे तर खोल आहे, वनस्पती यायला नको. मला अजून उलगडलेलं नाही.”

बाबा मागे दगडावर बसले होते, मफलर कानांवर. ते उठले आणि पहिल्यांदा बोलले. “तिथं खोल नाही बाई. तिथं टप्पा आहे.” वरचा काळा पाषाण काढत गेले तर त्या बाजूला खाली मांजऱ्या लागला, म्हणजे भोकंभोकं असलेला मऊ दगड. तो खडीला चालत नाही, क्रशरमध्ये पीठ होतो. मालकाने तिकडचं काम तिथेच थांबवलं आणि पुढे फक्त पश्चिमेकडे खोल जायला सांगितलं. म्हणून भिंतीला लागून दहा-बारा फूट रुंदीचा एक कट्टा तसाच राहिला, आता पाण्याखाली. दादाने लगेच काठावरचा एक मांजऱ्याचा तुकडा आणून दाखवला. भोकांत पांढरी चकाकणारी स्फटिकं, झिओलाइट. याच खनिजांसाठी नाशिकचं नाव जगभर घेतात आणि सिन्नरचं गारगोटी संग्रहालय त्यांनीच भरलेलं आहे. बाबांना त्या चकाकीचं काही नव्हतं, त्यांच्या दृष्टीने तो वाया गेलेला दगड. पण त्यांनी जमिनीवर काडीने पूर्ण खाण काढली: रॅम्प, क्रशर, पंपाची जागा, कट्टा कुठून कुठपर्यंत, पाण्याची पातळी आता आहे तिथे धरली तर त्यावर किती पाणी. बाईंनी त्या आकृतीचा फोटो घेतला, मग वहीत हाताने उतरवून घेतली आणि दोनदा विचारून आकडे लिहिले. त्या वेळी बाकी माणसं पोहे खात होती. बाबांचे पोहे गार झाले.

परत जाताना बाबांचे ३५० रुपये दादाने घेतले नाहीत. मी आग्रह केला, त्याने हात मागे घेतला.

मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा ताटांसाठी कापला.

दोन आठवड्यांनी दादाचा फोन आला. एका संध्याकाळी, पक्षी उठून गेल्यावर, तो ट्यूबवर बसून पूर्वेच्या भिंतीपर्यंत गेला होता, काठावर दोन माणसं दोरी धरून. दोरीला दगड बांधून खाली सोडला, तर सात फुटांवर टेकला. वर ओढला तेव्हा दोरीला हायड्रिला गुंडाळलेली. दोन हात पुढे सरकून परत सोडला, तर दोरी संपली, दगड टेकला नाही. मी फोन स्पीकरवर टाकला होता. बाबांनी ऐकलं, क्षणभर हिशेब केला आणि म्हणाले, “आठ यायला हवे होते. एक फूट गाळ बसला असेल.”